उभं राहता येत नसेल तर उतारवयाचं घर कसं निवडाल? पुण्यातल्या अनुभवावरून

पुण्यात ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती हल्ली पानभर येतात. हिरवळीवर एक जोडपं हसत उभं असतं, आजोबांच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट. ज्यांच्या हातात कुबडी, वॉकर किंवा चाकाच्या खुर्चीची रिंग असते त्यांचा फोटो कुणी छापत नाही. घर तर त्यांनाही हवंय, आणि चुकीचं निवडलं तर त्यांनाच जास्त महागात पडतं. मी लहानपणीच्या पोलिओनंतर आयुष्यभर कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, वापरणाऱ्यांपैकी. स्वतःसाठी आणि दोस्तमंडळींसाठी अशी बरीच घरं बघून झाली आहेत, त्यातून हा क्रम ठरत गेला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘रॅम्प आहे का?’ हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सगळीकडे ‘हो’ असंच मिळतं. खरा प्रश्न असा की, आज जे मला स्वतःला जमतंय ते उद्या जमेनासं झालं तर इथे माझं काय होणार? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत.

१. आधी स्वतःचा दिवस कागदावर मांडा

घर बघायला निघण्यापूर्वी एक पूर्ण दिवस, रात्रीसकट, स्वतःकडे बघा. पलंगावरून उठताना कुणाचा हात लागतो का? कमोडवर सरकताना उजवीकडून सरकता की डावीकडून? रात्री किती वेळा उठावं लागतं? आंघोळ बसून, की दांडा धरून उभ्यानं? पायमोजे कोण घालतं?

घरची माणसं न बोलता जे करून टाकतात ते या यादीतून हमखास सुटतं. दोन्ही हातांत कुबड्या असलेल्या माणसाला भरलेला चहाचा कप ओट्यापासून टेबलापर्यंत नेता येत नाही. घरी तो कप आपोआप समोर येतो, म्हणून त्याची नोंदच होत नाही. नव्या जागी पहिल्याच सकाळी आठवण होते.

मग शेजारी दुसरा रकाना आखा: पाच ते दहा वर्षांनी काय? हे आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला स्पष्ट विचारा. पोलिओ झालेल्यांमध्ये काही दशकांनी नव्याने अशक्तपणा आणि थकवा येऊ शकतो. वर्षानुवर्षं कुबड्यांवर भार दिलेले खांदेही कुरकुरायला लागतात. पार्किन्सन्स असेल तर तो थांबून राहत नाही. त्यामुळे माझा नियम सरळ आहे. आज वॉकरवर असाल तर घर चाकाच्या खुर्चीच्या मापानं निवडा, आणि हाताने ढकलायच्या खुर्चीवर असाल तर बॅटरीच्या खुर्चीला वळायला जागा आणि चार्जिंगला प्लग आहे का ते बघा.

२. कोणत्या प्रकारची जागा हवी ते ठरवा

‘रिटायरमेंट होम’ या एका नावाखाली पुण्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, ज्येष्ठांसाठी बांधलेली मालकीची घरं. परांजपे स्कीम्सचे ‘अथश्री’ प्रकल्प पुणेकरांना माहीत आहेतच, आता इतर बिल्डरही या धंद्यात आहेत. इथे फ्लॅट तुमचा, आणि भोजनगृह, दवाखाना, कार्यक्रम हे सगळं सामाईक. दुसरी, डिपॉझिट भरून किंवा भाडेकरारावर मिळणारी तशीच घरं. तिसरी, वृद्धाश्रम: खोली, जेवण आणि दरमहा शुल्क. नवी पेठेतल्या ‘निवारा’सारख्या जुन्या धर्मादाय संस्था यातल्याच. चौथी, शुश्रूषेची सोय असलेली केंद्रं, जिथे आया, ब्रदर, सिस्टर चोवीस तास असतात.

चालण्या-फिरण्याची अडचण असलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या आणि चौथ्याच्या मधे अडकतो. डोकं लख्ख, पुस्तकं वाचायची, गप्पा हव्यात, पण पलंगावरून खुर्चीत जायला मदत लागते. पहिल्या प्रकारात मदत नाही आणि चौथ्यात गप्पा मारायला माणूस नाही, असं होतं. म्हणून एकाच आवारात दोन्ही सोयी असलेली जागा मिळाली तर तिला जास्त गुण द्या. तशी नसेल तर मालकीचं घर आणि ब्युरोतून, म्हणजे शुश्रूषेची माणसं पुरवणाऱ्या संस्थेतून, लावलेला स्वतःचा माणूस, हा व्यवहार्य मार्ग आहे. हेच गणित साध्या सोसायटीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटलाही लागू पडतं. तो पर्याय कमी लेखू नका.

३. फोनवरच निम्मी नावं गाळा

बऱ्याच वृद्धाश्रमांची प्रवेशाची पहिली अट असते: ‘स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे.’ फोनवर ती गोड शब्दांत येते. “काका, तसे तुम्ही हिंडते-फिरते आहात ना?” इथे ‘हो हो’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. दोन महिन्यांनी मुलाला अमेरिकेत फोन जातो की, यांना दुसरीकडे हलवा.

उलट आपणच विचारा. चाकाची खुर्ची वापरणारं सध्या कुणी तिथे राहतं का? कुणी अंथरुणाला खिळलं तर त्यांना ठेवता की जायला सांगता? अशी वेळ शेवटची कधी आली होती आणि काय केलंत? शेवटच्या प्रश्नाला जे चाचरतात ते आपल्या कामाचे नाहीत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतो, आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. तक्रारीचा रस्ता आहे. पण जिथे रोज जेवायचं, झोपायचं, कुणाच्या तरी हाताने उठायचं, तिथे भांडून शिरण्यात मला तरी फार अर्थ वाटत नाही. कायदा माहीत असावा तो आत राहायला लागल्यावर कुणी हात झटकले तर.

४. जागेचा पत्ता: डोंगर छान, पण

मुळशी, पानशेत, तळेगाव, भूगाव या बाजूंना हवा चांगली आणि दर त्यातल्या त्यात बरे. डोंगरउतारावरचा प्रकल्प फोटोत सुरेख दिसतो, खुर्चीतून मात्र प्रत्येक इमारतीपाशी चढ लागतो. शिवाय संध्याकाळी सहाला तिथून मोठ्या रुग्णालयापर्यंत रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो, हे तिथल्या वॉचमनला विचारा. सेल्सवाल्याला विचारू नका.

जागा रविवारी सकाळी बघायला नेतात, कारण तेव्हा रस्ते मोकळे असतात. तुम्ही गुरुवारी जा. महापालिकेचं पाणी आणि महावितरणची वीज दोन्ही देखभालीसाठी बंद राहण्याचा पुण्यातला नेहमीचा वार तो. लिफ्ट जनरेटरवर चालते का, टाकीत पाणी उरतं का, हे त्या दिवशी न विचारता कळतं. आणि जमलं तर एक फेरी भर पावसात करा. जुलैमध्ये रॅम्पवर शेवाळ धरतं, पार्किंगमधल्या गुळगुळीत फरशीवर कुबडीचं रबर सरकतं, आणि गाडीतून उतरून लॉबीत जाईपर्यंत डोक्यावर छप्पर आहे की नाही तेही समजतं. दोन्ही हातांत कुबड्या असताना छत्री धरता येत नाही, हे आर्किटेक्टच्या गावीही नसतं.

मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, ही पुण्यात झालेली खरोखर चांगली गोष्ट. पण ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ हे चालत्या माणसाचं माप. प्रकल्पाच्या गेटपासून स्थानकाच्या लिफ्टपर्यंत फुटपाथ सलग आहे का, ते खुर्चीतून जाऊनच बघा. बाजूची चाकं लावलेली स्कूटर वापरत असाल तर तिच्यासाठी रुंद, सपाट, छपराखालचं पार्किंग मागा आणि ते नकाशावर दाखवून घ्या.

५. टेप, खडू आणि आपली खुर्ची

जागा बघायला जाताना तीन वस्तू न्या: मोजपट्टी, खडू आणि तुमची स्वतःची खुर्ची किंवा वॉकर. प्रकल्पाची दाखवायची खुर्ची घेऊ नका. तुमची तिच्यापेक्षा चार इंच जास्त रुंद असू शकते.

गेटपासून सुरुवात करा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, असं देशातल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. हिशेब सोपा आहे. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. सहा-सात फुटांत उरकलेला रॅम्प सामानाच्या ट्रॉलीसाठी असतो. दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा, आणि शेवटी रॅम्प थेट गाड्यांच्या वाटेत उतरत नाही ना, एवढं बघा.

दार मोजताना चौकट मोजू नका. पल्ला पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजा. ती ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट हवी. मुख्य दाराचं सहसा जमतं. घोडं अडतं ते बाथरूमपाशी. तिथे दार अडीच फुटी असतं, त्यात चौकट आणि पल्ल्याची जाडी जाऊन दोन-तीन इंच कमी होतात. खुर्ची कशीबशी शिरते, पण रिंग फिरवणाऱ्या हाताच्या बोटांची सालं निघतात.

बाथरूमवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, बाकी घर धावतं बघितलं तरी चालेल. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपल्याकडे बाथरूमच्या दाराशी ग्रॅनाइटचा उंबरा असतो आणि आतली फरशी इंच-दोन इंच खाली असते. चालत्या माणसाला तो दिसतही नाही. खुर्चीचं पुढचं छोटं चाक मात्र तिथे आडवं होऊन अडकतं आणि माणूस पुढे कलंडतो. ते पार झालं तर मोरीच्या जाळीच्या फटीत तेच चाक रुतू शकतं. म्हणून खुर्ची प्रत्यक्ष आत न्या, कमोडशेजारी लावा, आणि कोरड्या फरशीवर कपड्यांसकट एकदा खुर्चीतून कमोडवर सरकून बघा. लाजू नका. सोबत आलेल्या सेल्सच्या मुलाला बाहेर थांबायला सांगा.

सरकायला जमलं नाही तर कारण शोधा. कमोडच्या सीटची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर असावी, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या जवळपास. नेहमीचे कमोड याहून बुटके असतात, पण उंच सीट बसवता येते. कमोडच्या ज्या बाजूने तुम्ही सरकता त्या बाजूला खुर्ची राहील एवढी मोकळी जागा आहे का? प्लंबिंग दुसऱ्या बाजूला असेल तर ते हलवणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे डाव्या-उजव्याचा हा प्रश्न खरेदीआधीच सोडवायचा.

धरायची दांडी सीटपासून साधारण आठ इंच वर लागते. भिंत कसली आहे हेही विचारा. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती अनेकदा हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात साध्या प्लगने बसवलेली दांडी अंगाचं वजन आल्यावर भिंतीतून उपटून येते. केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भिंतीत घट्ट चिकटवायचा बोल्ट, लावावा लागतो, किंवा बांधकाम चालू असेल तर तेवढ्या जागी काँक्रीट भरून मागता येतं. टॉवेलच्या रॉडला ‘दांडी आहे की’ म्हणणारे महाभाग भेटतील. तो रॉड ओल्या टॉवेलचं वजन पेलतो, माणसाचं नाही.

दार आत उघडतं का, हे बघायला विसरू नका. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार हवं, आणि कडी बाहेरूनही सोडता येणारी. मदतीच्या घंटेची दोरी फरशीपासून वितभर उंचीपर्यंत लोंबती हवी, कारण जो पडलाय तो फरशीवरच असतो. कमोडच्या वर चार फुटांवर लावलेलं लाल बटण त्याला दिसेल, सापडणार नाही.

झोपायच्या खोलीत खडूने पाच फूट व्यासाचं वर्तुळ काढा. पलंग आणि कपाट मांडल्यावर ते शिल्लक राहतं का ते बघा. खुर्चीला पूर्ण वळायला तेवढी जागा लागते. बाल्कनीच्या सरकत्या दाराचा रूळ, बसून हाताला लागणारी बटणं, खिडकीची खिटी हे ओझरतं बघा. स्वयंपाकघरात चहापुरता ओटा खुर्ची खाली जाईल असा करून घेता येतो, त्यावरून घर नाकारू नका.

६. लिफ्ट, वीज आणि आग

पुण्यातल्या बहुतेक इमारतींत खाली पार्किंग असतं, त्यामुळे ‘पहिला मजला’ म्हटलं तरी लिफ्टशिवाय सुटका नाही. लिफ्ट किती, एक बंद पडली तर दुसरी त्याच मजल्यावर येते का, वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडण्याची सोय आहे का, जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो, आणि निदान एका लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, हे विचारा. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, परवाना आणि तपासणीचे कागद बघायला मागणं हा आगाऊपणा नाही.

आणि एक प्रश्न जो विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात: आग लागली, लिफ्ट बंद आहे, मी चौथ्या मजल्यावर खुर्चीत आहे. मला खाली कोण आणि कसं नेणार? जिन्यावरून माणूस उतरवायची खास खुर्ची मिळते. ती ठेवलेली जागा क्वचितच सापडते. उत्तर ठीक नसेल तर जितका खालचा मजला मिळेल तितका घ्या, दृश्याचा मोह सोडा.

७. रात्रीची माणसं

दिवसा सगळीकडे माणसं असतात. रात्री अकरानंतर किती आणि कोण, हे कळलं पाहिजे. म्हणून संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी जा आणि तिथेच जेवा. वॉकरवाल्या आजी भोजनगृहात कशा येतात ते बघत बसा. मधे पायरी आहे का, त्यांचं ताट कोण आणून देतं, की त्यांचा डबा गुपचूप खोलीवर जातो? डबा खोलीवर नेणं ही सोय म्हणून सांगतात. सहा महिन्यांत तोच माणूस कुणाच्या ओळखीचा राहत नाही. क्लब हाऊस, मंदिर, संध्याकाळचा कट्टा, जिथे जिथे मंडळी जमतात तिथे तिथे खुर्ची पोचली पाहिजे.

काम करणाऱ्या मावशींना किंवा दादांना विचारा की, पलंगावरून खुर्चीत कसं घेता? काखेत हात घालून ओढणार असतील तर शिकवावं लागेल, नाहीतर खांदा जायचा. ब्युरोचा स्वतःचा माणूस ठेवायला परवानगी आहे का, तो रात्री कुठे झोपणार, त्याच्या जेवणाचे पैसे कसे, हे लगेच विचारून घ्या. पैशाचा अंदाज करताना जाहिरातीतल्या मासिक शुल्कावर थांबू नका. बारा किंवा चोवीस तासांच्या माणसाचा खर्च बऱ्याचदा त्या शुल्काच्या वर जातो.

८. कागद

प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का, ते संकेतस्थळावर स्वतः बघा. केंद्राने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी स्वतःची तत्त्वं जाहीर केली. त्यात ९०० मिलिमीटरची दारं, चाकाची खुर्ची जाईल अशा लिफ्ट, रॅम्प, बाथरूममधल्या दांड्या, न घसरणारी फरशी, विजेची पर्यायी सोय हे सगळं येतं. ज्येष्ठांसाठी म्हणून विकणाऱ्याच्या समोर ती यादी ठेवा आणि तुमच्या फ्लॅटपुरते बदल करारात लिहून घ्या. ‘होऊन जाईल हो’ हे करारातलं कलम नसतं.

भाड्याने घेत असाल तर लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. कुठलाही करार असो, ही कलमं बोट ठेवून वाचा: प्रकृती बिघडल्यावर ‘जागा सोडा’ असं कोण ठरवणार, व्यवस्थापन की तुमचे डॉक्टर? किती दिवसांची मुदत? रुग्णालयात असताना शुल्क पूर्ण की कमी? डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि त्यातून काय कापणार? दरवाढ दरवर्षी किती? जोडीदार गेल्यावर दुसऱ्याचा हक्क कायम का? दांड्या आणि रॅम्प बसवायला परवानगी, आणि सोडताना ते काढून भिंत पूर्ववत करायचा खर्च कुणाचा? एखादा ओळखीचा वकील हे तासाभरात वाचून देतो. त्याची फी वाचवू नका.

९. राहून बघा, मग ठरवा

जिथे शक्य असेल तिथे दोन-चार आठवडे पाहुणा म्हणून राहा. नुसतं एका रात्रीत काही कळत नाही, पहिल्या रात्री सगळेच धावत येतात. दुसऱ्या आठवड्यात घंटा वाजवल्यावर किती वेळाने कुणी येतं, ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तोवर जुनं घर विकू नका आणि मुलांच्या नावावरही करू नका. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायची तरतूद आहे, पण त्यासाठी अट कागदावर असलेली बरी, आणि त्या पायरीपर्यंत जायची वेळच येऊ नये.

१०. हलण्यापूर्वीची कामं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि नव्या पत्त्यावर गेल्यावर धावपळ वाढते. आयकराच्या जुन्या करप्रणालीत राहत असाल तर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाला ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाखाची वजावट मिळते. वय सत्तर पूर्ण असेल तर आयुष्मान कार्डही काढून ठेवा.

दांड्या, उंच सीट, उंबऱ्यावरचा उतार हे सगळं सामान जाण्याआधी बसवून घ्या. राहायला गेल्यावर सुतार आणि प्लंबर ‘उद्या येतो’वर महिना काढतात आणि नेमकं त्या महिन्यात पडायला होतं. कॅलिपर किंवा खुर्ची दुरुस्त करणारा कारीगर नव्या भागात कोण, ते शोधून नंबर घ्या. खुर्चीच्या ट्यूबचा एक जोड आणि कुबडीची रबरं जास्तीची ठेवा. घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे आणि एक ऑफिसात द्या. दाराच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाला दिसेल अशा उंचीवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा: रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, ऑफिस, शेजारी, डॉक्टर. त्याखाली मदतीला येणाऱ्यासाठी एक ओळ लिहा की, तुम्हाला कुठल्या बाजूने आणि कसं उचलायचं.